घरच्या इंटरनेटसाठी वेगळा फायरवॉल कॉम्प्युटर बसवताना

मी गिरगावात राहते आणि घरूनच हिशेबाचं काम करते. जीएसटी, इन्कम टॅक्सची रिटर्न्स, काही सोसायट्यांची खाती. माझ्या लॅपटॉपवर लोकांचे पॅन, बँकेचे उतारे, पगाराचे तक्ते असतात. त्याच वायफायवर सासूबाईंचा टीव्ही बॉक्स, मुलाचा गेमचा कन्सोल, दारावरचा कॅमेरा, वायफायचे बल्ब आणि गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा फोन. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरवर ही सगळी मंडळी एकाच खोलीत बसल्यासारखी असतात. कोण कोणाशी काय बोलतंय हे बघायची धड सोय नाही, थांबवायची तर त्याहून नाही.

फायरवॉल म्हटलं की बाहेरच्यांना अडवणारी भिंत डोळ्यासमोर येते. ते काम साधा राउटरही बऱ्यापैकी करतो. बाहेरून आपणहून आलेलं कनेक्शन आतल्या कोणत्या उपकरणाकडे न्यायचं हेच त्याला माहीत नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. वेगळी फायरवॉल बसवायची ती आतल्या वस्तू एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्यासाठी, आणि त्या बाहेर कुठे फोन लावतात हे बघण्यासाठी. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्र साठवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, बस्स. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तशाच उपकरणांच्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेक लोकांना काही तास उघडेनात. ज्यांच्या घरातले कॅमेरे यात वापरले गेले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

एक गोष्ट आधीच सांगते. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याला कोणतीही फायरवॉल अडवू शकत नाही. तसं काही घडलं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हे घरातल्या ज्येष्ठांना पाठ करून ठेवा.

मशीन कोणतं घ्यायचं

दोन रस्ते आहेत. पहिला, ऑफिसांतून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप. दुसरा, दोन किंवा चार लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची भोकं) असलेला बिनपंख्याचा मिनी पीसी.

जुन्या मशीनसाठी लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं दिसेल, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथे ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर, एलिटडेस्क या जातीची मशीन्स रचून ठेवलेली असतात. ६४ बिटचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १२० जीबीची एसएसडी असली की घरासाठी पुष्कळ झालं. ४ जीबीवरही चालतं, पण जास्तीची मेमरी पुढे लागतेच. या मशीनला लॅन पोर्ट एकच असतो, म्हणून दोन पोर्टचं इंटेलचं कार्ड वेगळं घ्यायचं. कॅबिनेट बुटकं असेल तर कार्डाची पट्टी कमी उंचीची लागते. ती तिथल्या तिथे बदलून घ्या, घरी आल्यावर कळलं तर पुन्हा खेप पडते.

दुकानात मशीन चालू करूनच घ्या. माझ्यासमोर एक मशीन नुसतं बीप करत राहिलं, पडद्यावर काही येईना. दुकानातल्या मुलाने रॅमची पट्टी उपसली, खिशातून शाळेचा खोडरबर काढला, सोनेरी दातांवर दोन्ही बाजूंनी घासला, फुंकर मारली आणि पट्टी परत बसवली. मशीन उठलं. "मॅडम, पावसाळ्यात हे असंच होतं, दमट हवेने कार्बन धरतो," म्हणाला. मुंबईत जून ते सप्टेंबर बंद पडून राहिलेल्या मशीनचं हे अगदी नेहमीचं दुखणं आहे. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवून रॅम तपासा, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल नवा टाका. सेल मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि घड्याळ चुकलं की साइटची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं अवैध दिसायला लागतात. अशा वेळी बिघाड कुठे आहे ते शोधताना डोकं फिरतं.

दुसरा रस्ता मी स्वतः धरला. इंटेल एन१०० प्रोसेसरचा, चार पोर्टांचा छोटा डबा. हा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला, त्याची उष्णतेची मर्यादा ६ वॉट आहे आणि एन्क्रिप्शनचं काम हार्डवेअरमध्येच करायची सोय त्यात आहे. विजेचा हिशेब मला सवयीने आधी सुचतो, तर तो असा: १० वॉट घेणारं मशीन वर्षभर चालू राहिलं तर सुमारे ८८ युनिट होतात. ३५ वॉट घेणारा जुना डेस्कटॉप ३०७ युनिटच्या आसपास जातो. तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या स्लॅबचा जो दर लागतो त्याने दोन्हींतला फरक गुणा आणि तीन-चार वर्षांचं गणित मांडा. जुनं मशीन स्वस्त पडतंय की नाही ते त्यावर ठरवा, दुकानातल्या किमतीवर नको.

लॅन पोर्टाच्या चिपबाबत मात्र तडजोड करू नका. मी पुढे जी सिस्टीम सांगणार आहे ती फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते आणि तिथे इंटेलच्या चिपा बिनतक्रार चालतात. मिनी पीसीत आय२२६ बघा, जुन्या कार्डांत आय२१० किंवा आय३५०. रिअलटेकची चिपही चालते, पण लोड आल्यावर लिंक तुटल्याच्या तक्रारी तिच्याबद्दल जास्त असतात आणि वेगळा ड्रायव्हर टाकायची वेळ येते. यूएसबीला लावायचे लॅन अडॅप्टर या कामाला घेऊच नका.

आणि हे मशीन फक्त याच कामाला ठेवा. त्यावर फाइल सर्व्हर टाकू, सिनेमे ठेवू, प्रिंटर जोडू, असे मोह होतात. जो डबा सगळ्यांच्या पुढे उभा आहे त्यावर जितकं कमी चालेल तितक्या कमी फटी.

सिस्टीम

मी ओपीएनसेन्स ही फायरवॉलची सिस्टीम वापरते. तिचं घराणं सांगते, कारण नावं एकसारखी असल्यामुळे गोंधळ होतो. मोनोवॉल नावाचा एक छोटा प्रकल्प होता, त्यातून २००४ साली पीएफसेन्स निघालं आणि पीएफसेन्समधून २०१५ च्या जानेवारीत ओपीएनसेन्स. त्याच वर्षी मोनोवॉल बंद झालं, तेव्हा त्याच्या कर्त्याने आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे जायला सांगितलं. पीएफसेन्सही उत्तम आहे. लिनक्सची सवय असेल तर आयपीफायर किंवा ओपनडब्ल्यूआरटी बघा. ओपीएनसेन्सच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये येतात, आणि मधे मधे छोटी अपडेट येत राहतात. हा ठरलेला वेळ मला आवडतो, रिटर्नांच्या तारखांशी मेळ घालता येतो. तारीख तोंडावर असताना मी अपडेट करत नाही.

आधी इंटरनेटवाल्याशी बोला

मशीनला हात लावण्याआधी हा फोन करा. मुंबईत बऱ्याच इमारतींत नेट गच्चीवरून आलेल्या फायबरने, स्थानिक ऑपरेटरच्या मार्फत येतं. त्याला चार गोष्टी विचारायच्या. कनेक्शन पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारं) आहे का, आणि असेल तर यूजरनेम-पासवर्ड काय. व्हीलॅनचा नंबर (एकाच केबलवरची नेटवर्कं वेगळी ओळखायची खूण) लागतो का. आमच्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) तुमच्याकडे बांधलेला आहे का. आणि फायबरचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल असा, टाकून द्याल का.

"ताई, वायफाय स्लो आहे का? नवीन राउटर पाठवू?" असं पहिलं उत्तर येईल. शांतपणे सांगा की वायफायची तक्रार नाही, स्वतःचा राउटर लावायचाय आणि पीपीपीओईचे तपशील हवेत. 'फायरवॉल' हा शब्द काढलात तर गाडी भलतीकडे जाते, 'स्वतःचा राउटर' सगळ्यांना समजतं. मॅक बांधलेला असेल तर तो सोडवून घ्या, नाहीतर जुन्या राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता लिहून ठेवा. ओपीएनसेन्समध्ये वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या नेटच्या बाजूच्या, पानावर तोच घालता येतो.

ब्रिज मोड देत नाहीत असंही होतं. तरी अडत नाही. मग फायबरच्या डब्यामागे तुमची फायरवॉल लागते आणि पत्ते दोनदा बदलले जातात (या बदलण्याला एनएटी म्हणतात). ब्राउझिंग, व्हिडिओ कॉल, जीएसटीचं पोर्टल यांना काही फरक पडत नाही. फक्त त्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर घरातली माणसं सवयीने त्यालाच चिकटतील आणि फायरवॉलला वळसा पडून ती बाजूला राहील. दुसरी काळजी म्हणजे दोन्हीकडे एकच पत्त्यांची मालिका नको. डबा १९२.१६८.१.१ असेल आणि ओपीएनसेन्सही सुरुवातीला १९२.१६८.१.१ च घेतं, मग दोघांची टक्कर होते आणि नेट चालत नाही. म्हणून आतलं नेटवर्क आधीच बदलायचं. मी १९२.१६८.५०.१ घेतलं.

इन्स्टॉल करणं

अधिकृत संकेतस्थळावरून ६४ बिटची 'व्हीजीए' प्रकारची इमेज उतरवा. सोबत दिलेला चेकसम (फाइल मूळचीच आहे हे पटवणारा आकडा) जुळवून बघा. ज्या मशीनवर सगळ्या घराचा भरवसा टाकायचा त्याची इमेज कुठूनही आलेली चालणार नाही. फाइल दाबलेली असते, ती सोडवून बलेना एचर किंवा रूफसने पेनड्राइव्हवर चढवा.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, तीन बदल. सिक्युअर बूट बंद. बूटमध्ये पेनड्राइव्ह पहिला. आणि वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं अशी जी सेटिंग असते ती चालू. ही तिसरी लोक विसरतात, आणि मग तुम्ही बाहेर असताना लाइट जाऊन आले की घरातून फोन येतो.

मशीन पेनड्राइव्हवरून उठलं की लॉगिनला 'इन्स्टॉलर' आणि पासवर्डला 'ओपीएनसेन्स' हे शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका. फाइलसिस्टीम विचारेल, तिथे झेडएफएस निवडा. अचानक वीज गेल्यावर ती सावरते. एकच डिस्क असेल तर 'स्ट्राइप'. शेवटी रूटचा पासवर्ड बदलायला सांगेल, तो तिथेच बदला. पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा चालू करा.

आता काळ्या पडद्यावर आकड्यांचा मेनू येतो. १ नंबरने कोणता पोर्ट वॅन आणि कोणता लॅन, म्हणजे घरातली बाजू, ते ठरवायचं. डब्यावर छापलेला क्रम आणि सिस्टीमने दिलेली नावं जुळतीलच असं नाही. सगळ्या केबली काढा, नाव विचारलं की इंग्रजी 'ए' दाबा आणि त्या पोर्टात केबल घाला. सिस्टीम स्वतः ओळखते. ओळखलेल्या प्रत्येक पोर्टावर लगेच चिकटपट्टी लावून नाव लिहा. मग २ नंबरने लॅनचा पत्ता बदला: १९२.१६८.५०.१, पुढे २४ (नेटवर्क किती मोठं ते सांगणारा आकडा), आणि डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) चालू. वेब पान एचटीटीपीवर आणू का असं विचारेल, त्याला नाही म्हणा.

लॅपटॉप लॅन पोर्टला लावून ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडा. सर्टिफिकेट स्वतःच तयार केलेलं असल्यामुळे ब्राउझर इशारा देईल, इथे तो अपेक्षित आहे. पुढे जो विझार्ड येतो त्यात टाइम झोन 'एशिया/कोलकाता' निवडा आणि वॅनचा प्रकार भरा. पीपीपीओई असेल तर ऑपरेटरने दिलेले यूजरनेम-पासवर्ड, नाहीतर डीएचसीपी. पीपीपीओईवर पाकिटाचा आकार १४९२ बाइटपर्यंतच असतो. काही साइट अर्धवट उघडतात आणि बाकी सगळं ठीक चालतं असं दिसलं तर आधी पाकिटाच्या आकाराचा, म्हणजे एमटीयूचा, हा आकडा बघा. खाजगी पत्ते अडवण्याची वॅनवरची खूण मात्र तशीच राहू द्या. फायबरच्या डब्यामागे असलात तरी आतून बाहेर जाणाऱ्या नेटला ती आड येत नाही.

इथपर्यंत आलात की नेट चालू झालेलं असतं. बरेच जण इथेच थांबतात. तोवर घरात फक्त एक महागडा राउटर आलेला असतो. ज्यासाठी हा खटाटोप केला ते काम पुढे आहे.

वस्तू वेगळ्या करणं

पुस्तकी पद्धत म्हणजे व्हीलॅन: एकाच केबलवरून वेगवेगळ्या खुणा लावलेली नेटवर्कं न्यायची. त्यासाठी व्हीलॅन समजणारा स्विच आणि एकाहून जास्त वायफाय नावं देणारा ॲक्सेस पॉइंट लागतो. पोर्ट दोनच असतील तर तोच रस्ता आहे आणि चांगला आहे.

पण चार पोर्ट असतील तर सुरुवातीला याची गरज नाही. घरात किंवा शेजाऱ्यांकडे जुने वायफाय राउटर पडलेले असतातच. एक राउटर लॅन पोर्टला लावा: कामाचे लॅपटॉप आणि आपले फोन त्यावर. दुसरा तिसऱ्या पोर्टला: टीव्ही, बल्ब, कन्सोल, पाहुणे. दोन्ही राउटरमध्ये डीएचसीपी बंद करायचं, त्यांना त्या त्या नेटवर्कातला एक ठरलेला पत्ता द्यायचा आणि केबल त्यांच्या वॅनमध्ये न घालता लॅनच्या भोकात घालायची. मग ते राउटर न राहता नुसते वायफाय देणारे खांब होतात. दोघांची चॅनेलं वेगळी ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११. आमच्यासारख्या दाट वस्तीत शेजारच्या घरांचे पंधरा-वीस सिग्नल दिसतात, तेव्हा जिथे गर्दी कमी ते चॅनेल.

तिसऱ्या पोर्टला ओपीएनसेन्समध्ये नवं इंटरफेस म्हणून जोडा, नाव 'वस्तू' ठेवा, नावाला इंग्रजी अक्षरंच लागली तर तसं, आणि पत्ता द्या १९२.१६८.६०.१. पुढचा आकडा २४ आहे ना ते बघा. तिथे ३२ राहिलं तर त्या नेटवर्कात दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही. डीएचसीपी चालू करा. एवढं केल्यावर फोन त्या वायफायला जोडला जाईल, पत्ता मिळेल, पण नेट चालणार नाही. हे बरोबर आहे. लॅनला सगळीकडे जायची मुभा सिस्टीम स्वतः देते, नव्या इंटरफेसला मात्र काहीच मुभा नसते. दरवाजे एकेक करून आपण उघडायचे.

नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडतो तो चालतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. 'वस्तू'साठी माझा क्रम असा आहे. सगळ्यात वर, फायरवॉलच्या त्या बाजूच्या पत्त्याला ५३ पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, सेवेचा क्रमांक) डीएनएस विचारायची परवानगी. त्याखाली, 'धिस फायरवॉल' कडे जाणारं बाकी सगळं बंद, म्हणजे टीव्ही बॉक्सवरून कोणी फायरवॉलचं लॉगिन पानही उघडू शकणार नाही. त्याखाली लॅनकडे आणि सगळ्या खाजगी पत्त्यांकडे जाणारं बंद. त्यासाठी एक अलियस (पत्त्यांच्या गटाला दिलेलं नाव) करून ठेवा: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. शेवटी, उरलेलं सगळं, म्हणजे इंटरनेट, खुलं. पत्ता घेण्याची देवाणघेवाण सिस्टीम स्वतःच मोकळी ठेवते, तिच्यासाठी वेगळा नियम नको.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. भारतात ते आता सर्रास मिळतं, आणि त्यात प्रत्येक उपकरणाला खरा सार्वजनिक पत्ता असतो. वर सांगितलेल्या अलियसमध्ये फक्त आयपीव्ही४ चे पत्ते आहेत. म्हणून 'वस्तू'वर आयपीव्ही६ सुरू करणार असाल तर लॅनकडे जाणारं बंद करणारा नियम दोन्ही आवृत्त्यांसाठी, थेट 'लॅन नेट' हे ठिकाण देऊन लिहा. नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. मी 'वस्तू'वर आयपीव्ही६ दिलेलंच नाही.

कॅमेऱ्यासाठी चौथा पोर्ट. त्याला फायरवॉलकडून वेळ विचारायची परवानगी, बाकी काहीच नाही. बाहेर तर अजिबात नाही. रेकॉर्डरही त्याच बाजूला. लॅनवरून मी कॅमेरा उघडते तेव्हा तो दिसतो, कारण सुरुवात माझ्या बाजूने झाली की परतीचं उत्तर फायरवॉल लक्षात ठेवून आत सोडते. कॅमेऱ्याला स्वतःहून माझ्याकडे येता येत नाही. याची किंमत म्हणजे कंपनीच्या ॲपवर बाहेरून कॅमेरा बघता येत नाही. आमच्या दाराचं चित्र तिसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून येण्यापेक्षा मला हे मान्य आहे.

वेगळं केल्यावर दोन तक्रारी नक्की येतात. एक, फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायला गेलं की टीव्ही दिसत नाही. शोधण्याचा तो संदेश एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाही. त्यासाठी एमडीएनएस रिपीटर हे प्लगइन टाका. प्रिंटरला डीएचसीपीमध्ये कायमचा पत्ता बांधून द्या आणि लॅपटॉपमध्ये तो हाताने घाला, शोधायची गरजच राहत नाही. दुसरी आमच्याकडे रात्री जेवणाच्या वेळी आली: "आई, एनएटी स्ट्रिक्ट दाखवतंय, पार्टी चॅट लागत नाहीये!" त्यासाठी यूपीएनपी, म्हणजे उपकरणांनी स्वतःच फायरवॉलमध्ये दारं उघडायची सोय, चालू करू नका. ओपीएनसेन्समध्ये ते मुळात नसतंच, आणि नाही तेच बरं. आउटबाउंड एनएटी 'हायब्रिड' करून फक्त कन्सोलच्या पत्त्यासाठी 'स्टॅटिक पोर्ट'चा, म्हणजे पोर्टचा क्रमांक न बदलण्याचा, एक नियम लिहा. पार्टी चॅट लागलं.

तपासणी करूनच उठा. पाहुण्यांच्या वायफायवर फोन लावा आणि ५०.१ व ६०.१ ही दोन्ही लॉगिन पानं उघडायचा प्रयत्न करा. दोन्ही फिरत राहिली पाहिजेत, उघडता कामा नयेत. मग 'फायरवॉल'मधल्या लॉगचं 'लाइव्ह व्ह्यू' लावून बघत बसा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या पानाने. सासूबाई मालिका बघत होत्या, बाकी घर शांत होतं, आणि टीव्ही बॉक्सच्या पत्त्यासमोर ८.८.८.८ (गूगलची डीएनएस सेवा), पोर्ट ५३, अशी ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मी त्याला माझा डीएनएस दिला होता, तो मात्र आतच लिहून ठेवलेल्या दुसऱ्यालाच विचारत होता.

डीएनएस

त्यावर उपाय म्हणजे एनएटीमध्ये पोर्ट फॉरवर्डचा एक नियम: 'वस्तू'वरून ५३ पोर्टला, फायरवॉल सोडून कुठेही जाणारी चौकशी १२७.०.०.१ कडे, म्हणजे खुद्द फायरवॉलकडे, वळवायची. उपकरणाला कळतही नाही. ४४३ पोर्टवरून एन्क्रिप्ट होऊन जाणारी चौकशी यात सापडत नाही, तेवढी मर्यादा आहे. अनबाउंड ही डीएनएस सेवा सिस्टीमबरोबरच येते. तिच्यात डीएनएस ओव्हर टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली चौकशी) चालू करून ९.९.९.९ किंवा १.१.१.१ हा बाहेरच्या डीएनएस सेवेचा पत्ता आणि ८५३ पोर्ट द्या. ब्लॉकलिस्ट (अडवायच्या साइटची यादी) निवडताना हलकी निवडा. भारी यादीत कधी कधी पेमेंटच्या पानाचा एखादा तुकडा अडकतो आणि ऐन चलन भरताना पान पांढरं राहतं.

सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी यंत्रणा मी घरी चालवत नाही. बहुतेक वाहतूक एन्क्रिप्ट असल्याने तिला आत फारसं दिसत नाही आणि खोट्या इशाऱ्यांत वेळ जातो.

बाहेरून घरात यायचं असेल तर

वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरापर्यंतचा एन्क्रिप्ट केलेला बोगदा, वापरा, यूडीपीचा ५१८२० पोर्ट. पण आधी वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही ऑपरेटरच्या सामाईक एनएटीमागे आहात. हे पत्ते त्यासाठीच २०१२ साली राखून ठेवले गेले. मग आयपीव्ही४ वरून बाहेरून आत येता येणार नाही. ऑपरेटरकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्या, किंवा आयपीव्ही६ वरून या. फायरवॉलचं लॉगिन पान मात्र कोणत्याही कारणाने वॅनवर उघडू नका.

वीज, हवा आणि घरातली माणसं

बिनपंख्याचा डबा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात आतली हवा तापते आणि डब्याला उष्णता टाकायला जागाच राहत नाही. भिंतीवर, उघड्यावर, खिडकीच्या पावसापासून लांब. फायबरचा डबा, फायरवॉल आणि वायफायचे राउटर एकाच यूपीएसवर घ्या. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यायचा असेल तर प्रत्येक अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा वाचून बेरीज करा.

डब्याशेजारी एक कागद लावा. त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत: नेट गेलं तर आधी फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा बघा, लाल असेल तर ऑपरेटरला फोन. लाल नसेल तर मधल्या डब्याचं बटण एकदा दाबून सोडा, बंद होऊ द्या, मग पुन्हा दाबा. तरीही नाही, तर फायबरच्या डब्यातून आलेली निळी केबल फायरवॉलमधून काढून खणातल्या जुन्या राउटरच्या वॅनमध्ये घाला. तो राउटर पीपीपीओईसकट तयार करून ठेवलेला असावा. तुम्ही लोकलमध्ये असताना घरातल्या कोणालाही हे करता आलं पाहिजे.

बॅकअप

'सिस्टीम'मधल्या कॉन्फिगरेशनच्या बॅकअपमध्ये जाऊन एक्सएमएल फाइल उतरवा, आणि उतरवताना पासवर्ड लावा, कारण तिच्यात पीपीपीओईपासून वायरगार्डच्या चाव्यांपर्यंत सगळं असतं. ती फायरवॉलवर ठेवून उपयोग नाही. पेनड्राइव्हवर कपाटात आणि एक प्रत घराबाहेर. मोठ्या बदलाआधी झेडएफएसचा स्नॅपशॉट घ्या, अपडेट फसलं तर मागच्या स्थितीत परत जाता येतं. पासवर्ड विसरलात तर काळ्या पडद्यावरचा ३ नंबर, नियम लिहिताना स्वतःलाच बाहेर कोंडलंत तर १३ नंबरने आधीचं कॉन्फिगरेशन परत आणता येतं. त्यासाठी जुना मॉनिटर आणि कीबोर्ड टाकून देऊ नका.

डबाच मेला तर दुसऱ्या कोणत्याही मशीनवर तीच सिस्टीम टाका आणि एक्सएमएल परत चढवा. पोर्टांची नावं चिपप्रमाणे बदलतात, म्हणून चढवल्यावर लगेच १ नंबरने पोर्ट पुन्हा जुळवा. वॅनमध्ये जुना मॅक पत्ता घातलेला असेल तर तो फाइलबरोबर येतोच, ऑपरेटरला पुन्हा फोन करावा लागत नाही.